लक्ष्मीबाईंची वाट

१९६४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. संगमनेरच्या आमच्या वाड्यात पाडव्याची जेवणे उरकली होती. पुरुषमंडळी ओसरीवर लवंडली होती आणि माजघरात बायका विडे लावीत बसल्या होत्या. माझी थोरली काकू शाळेत शिकवीत असे. सुट्टी लागताना तिने शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणले होते, ते काढून ती मोठ्याने वाचू लागली. आजी भिंतीला टेकून माळ ओढीत होती. तिने मध्येच विचारले, "कुणाचं गं पुस्तक?"

"लक्ष्मीबाई टिळकांचं."

"म्हणजे ती किरिस्ताव झालेली? सणासुदीला घरात दुसरं काही मिळालं नाही वाटतं?"

काकू म्हणाली, "अहो सासूबाई, आधी ऐकून तर पाहा. नाशकाकडचीच आहे बाई."

आणि तिने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण वाचायला घेतले. बाजारातून येणारी वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात घ्यायची नाही, या त्यांच्या हट्टापायी घरातल्या बायकामुलांची जी तारांबळ उडे, तिचे ते वर्णन. दोन पानेही झाली नसतील, तोच आजीची माळ थांबली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसून ती म्हणाली, "अगदी आमचे मामंजी!" पुढचे चार दिवस दुपार झाली की आजीच विचारी, "काय गं, ती तुझी टिळकीण कुठं गेली आज?"

'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मी त्या दिवाळीत असे कानांनी वाचले. त्यानंतर डोळ्यांनी किती वेळा वाचले, याची गणती नाही. मात्र प्रत्येक वाचनात एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. हे पुस्तक एका धर्मांतरित स्त्रीने लिहिलेले आहे. लेखिका आपल्या श्रद्धेबद्दल यत्किंचितही ओशाळलेली नाही. असे असूनही ते आमच्या घरासारख्या कर्मठ घरात शिरले आणि आजीसारख्या श्रोतीच्या शेजारी जाऊन बसले. कोणी दार ठोठावते आहे, आपल्याला कोठे तरी नेऊ पाहते आहे, असे घरातल्या कोणालाही वाटले नाही. हे कसे घडले? हा प्रश्न वाङ्मयाचा आहे, तसाच धर्माचाही आहे. आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, हा पेच ख्रिस्ती धर्माइतका जुना आहे. मराठीत त्याचे सर्वांत चोख उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, या बाईने दिले आहे. आणि तेही आपण उत्तर देत आहोत याचे भान न ठेवता.

ख्रिस्ती धर्मात शिष्यत्वाची कल्पना अगदी साधी आहे. गालील सरोवराच्या काठी जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना येशूने आपल्यामागे यायला सांगितले आणि ते गेले. शिष्य म्हणजे मागून जाणारा. पण या मागून जाण्याला लगेच दुसरी एक गोष्ट चिकटते. जो गेला, त्याला वाटेत भेटणाऱ्याला काही सांगावेसे वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात फिलिप आपल्या ओळखीच्या नथनेलला येशूबद्दल सांगतो. नासरेथसारख्या गावातून काही चांगले निघेल, यावर नथनेलचा विश्वास नसतो. फिलिप वाद घालीत नाही, शास्त्रार्थ सांगत नाही. स्वतः येऊन पाहा, एवढेच तो म्हणतो. पुढे नथनेल आणि येशू यांचे बोलणे होते आणि फिलिप बाजूला सरतो. श्रद्धा सांगण्याचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे ऐकणाऱ्याला युक्तिवादाने, दयेने किंवा दरडावून आपल्या दारापर्यंत आणून सोडणे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे या दोन प्रकारांच्या अंगाने पाहिले, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

या वाङ्मयाचा आरंभ मोठा झोकदार आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, तेथली भाषा शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. मराठीवर या परदेशी माणसाने केलेले प्रेम शाळकरी पोरालाही ठाऊक असते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानांना पुराणाची भूक होती, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने ओवी घेतली, पुराणाचा थाट घेतला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. काव्य म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. पण त्या काव्यामागे कोणती सत्ता उभी होती, हे विसरता येत नाही. स्टीफन्सने जेथे काम केले, त्या साष्टीत १५६७ च्या सुमारास देवळे पाडली गेली होती. ज्याची देवघरे पाडली, त्याला गोड ओवीत नवी कथा सांगायची, यातली विसंगती कवीच्या सज्जनपणाने पुसली जात नाही. येऊन पाहा असे म्हणण्यापूर्वी समोरच्याला न येण्याची मोकळीक असावी लागते. ती मोकळीक त्या श्रोत्यांना कितीशी होती?

बाबा पदमनजींच्या वेळी परिस्थिती बदललेली होती. ते स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो. विधवांच्या दुःखाची इतकी धडधडीत हकिकत त्यापूर्वी मराठी गद्यात कोणी लिहिली नव्हती. त्या पुस्तकातला कळवळा खरा आहे. तथापि वाचताना पदोपदी जाणवते की, लेखकाने शेवट आधी ठरविला आहे. यमुना प्रवासाला निघते, दुःखे पाहते, तिच्यावरही वैधव्य कोसळते आणि अखेर ती ख्रिस्ती होते. पण तिचे पाऊल तिच्या मनाने पडत नाही, लेखकाच्या इच्छेने पडते. एकामागून एक विधवा भेटते ती जणू पुराव्यादाखल. साक्षीदाराला पढवून आणले आहे अशी शंका न्यायाधीशाला आली की, साक्ष खरी असूनही फुकट जाते. तसे काहीसे येथे झाले आहे.

यानंतर येतात रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळकांचे नाव उच्चारताच आपल्याला फुले आणि मुले आठवतात, हे योग्यच आहे. पण मला येथे त्यांच्यातला शिष्य पाहायचा आहे. १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. त्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भविष्य वर्तविले. टिळकांनी पुस्तक चाळले; डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते म्हणत की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. हे वाक्य चतुराईचे नव्हे. भजन, कीर्तन, अभंग ही आपली साधने ख्रिस्ती देवळात यावीत, पाश्चात्त्य पेहरावाची जबरदस्ती नसावी, यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली.

अशा माणसाच्या शिष्यत्वाबद्दल संशय घेण्याचे कारण नाही. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना एक कटू गोष्ट लपत नाही. हा माणूस ख्रिस्ताच्या मागे निघाला, तेव्हा त्याच्या मागे घरात एक बायको आणि एक लहान मुलगा होता. बाप्तिस्म्याची बातमी त्या बायकोला मागाहून कळली. लोक तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहू लागले, नवरा जिवंत असून नसल्यासारखा झालेल्या बाईचे त्या काळी काय होत असे, हे सारे पुस्तकात आहे. पंढरपुरात काढलेले ते दिवस आहेत, रडून रडून आजारी पडणे आहे, दत्तूला उराशी धरून बसणे आहे. साऱ्या जगाला प्रीतीचा धर्म सांगायला निघालेल्या माणसाने घरातल्या प्रीतीची ही दशा केली, हे लक्ष्मीबाई कोठेही असे शब्दांत म्हणत नाहीत. त्या नुसते घडलेले सांगतात. आजीने ते प्रकरण ऐकले, तेव्हा ती टिळकांवर अशी संतापली की काकूला पुस्तक मिटून ठेवावे लागले. "देवाच्या मागे जा ना, पण बायकोला सांगून तर जाशील!" हे आजीचे वाक्य मला टिळकांवरच्या कोणत्याही समीक्षेपेक्षा अधिक नेमके वाटते.

येथून पुढे पुस्तकाचा खरा विषय सुरू होतो. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या का झाल्या? याची दोन ठोक उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. एक उत्तर असे की, ती पतिव्रता होती. नवरा जिकडे गेला तिकडे ती गेली. दुसरे उत्तर मिशनरी वाचकाचे : अखेर सत्याचा विजय झाला. १९५० साली जोसेफाइन इंकस्टर यांनी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याचे नावच 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागून जाते', असे ठेवले. कोणाच्या मागून, हे त्या नावात नाही. नवऱ्याच्या म्हणा, ख्रिस्ताच्या म्हणा, दोन्ही अर्थ त्यात बसतात, आणि दोन्ही अर्थ एकच आहेत असा समज व्हायलाही ते नाव कारण होते. २०१७ साली शान्ता गोखले यांचे नवे भाषांतर आले. त्यांनी मूळ नाव कायम ठेवून त्याखाली एका तडफदार पत्नीच्या आठवणी असे उपशीर्षक जोडले. त्यातली तडफ मला पटते. पण पत्नीपाशी येऊन हे उपशीर्षकही थांबतेच.

माझे म्हणणे असे की, पुस्तकाचा पुरावा या सर्वांच्या विरुद्ध आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे कोठे गेली? नवऱ्याच्या मागून जायचे असते, तर एवढा वेळ लागता ना. त्या नवऱ्याकडे परत आल्या, हे खरे. पण परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि होण्याचा त्यांचा विचारही नव्हता. अहमदनगरला त्या आरंभी वेगळ्या राहिल्या आणि आपले सोवळे सांभाळीत राहिल्या. नवऱ्यावरचे प्रेम आणि नवऱ्याचा धर्म या दोन गोष्टी त्यांनी निरनिराळ्या खुंट्यांवर टांगल्या होत्या. पहिली त्यांनी आपणहून घेतली, दुसरीला हात लावला नाही. ज्या काळात बाईला स्वतःचे मत असते हेच कोणाच्या गावी नव्हते, त्या काळात हे केवढे धाडस आहे! पातिव्रत्याचे कौतुक करणारे हे धाडसच तिच्याकडून हिरावून घेतात.

आणि बदल झाला तो कोठून सुरू झाला, हेही पाहण्यासारखे आहे. तो त्रैक्याच्या सिद्धांतापासून झाला नाही, पापपुण्याच्या चर्चेपासून झाला नाही. तो झाला पाण्याच्या तांब्यापासून. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये, हा जन्मभराचा जाच एके दिवशी त्यांच्या मनाने तपासायला घेतला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि ती माणसाने केली असे उत्तर येताच, यापुढे कोणाच्याही हातचे खाईन पिईन असा निश्चय करून टाकला. ज्या घरात वस्तू धुता धुता माणसे थकून जात, त्या घरातल्या मुलीने हा निश्चय केला. पहिल्या भागात ज्यावर आपण पोट धरधरून हसलो, ते सोवळे येथे नव्या अर्थाने समोर येते. हसता हसता आपण एका तुरुंगाची पाहणी करून आलो होतो, हे तेव्हा उमगते. लेखिकेने हे योजून केले असेल असे मला वाटत नाही. आयुष्यातच ती संगती होती. तिने ती विस्कटली नाही, एवढेच.

या निश्चयानंतर बाप्तिस्मा यायला वेळ लागला. मधल्या काळात त्या ख्रिस्ती माणसांत वावरल्या, त्यांची सुखदुःखे पाहिली, टिळकांशी भांडल्या, वाचीत राहिल्या. टिळकांना उतावळेपणाची सवय; पण या एका बाबतीत त्यांनी धीर धरला. पत्रांतून विनवण्या करून, कविता पाठवून जे साधले नव्हते, ते त्यांनी तिला तिच्या चालीने चालू दिले तेव्हा साधले. फिलिप बाजूला सरला, तसेच हे. मला वाटते, टिळकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा त्यांना मिशनच्या शाळेत मिळाला नाही, या स्वयंपाकघरात मिळाला. अखेरच्या काळात त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. शिष्यत्व आधी आणि शिक्का मागून, हा विचार ज्याला सुचतो, त्याने स्वतःच्या घरात तो घडताना पाहिलेला असतो. माझे हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर दुसरे अनुमान मला करता येत नाही.

आता सांगण्याच्या रीतीकडे वळू. पुस्तकाचा जन्म मुळात दुसऱ्याच कामासाठी झाला. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात अशी त्यांची मागणी होती. आई लिहायला बसली आणि चरित्राच्या साहित्यातून तिचेच पुस्तक उभे राहिले. १९३४ सालापासून ते चार भागांत निघाले. शेवटचा भाग बाहेर पडला तेव्हा लक्ष्मीबाई जगात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या होत्या. सांगायचा विषय नवरा असल्यामुळे लेखिकेला स्वतःची आरती ओवाळण्याची गरज पडली नाही. आणि तो नवरा चाळीस वर्षे जवळून पाहिलेला असल्यामुळे त्याचीही आरती ओवाळता आली नाही. टिळक रागावतात, न सांगता कोठेही निघून जातात, हातात पैसा टिकू देत नाहीत, मागेल त्याला देऊन मोकळे होतात आणि घरी चूल थंड. हे सर्व ती सांगते, आणि वाचकाला तो माणूस अधिकाधिक आवडत जातो. धर्मप्रचाराच्या पुस्तकात नायकाचे दोष धर्मांतरापूर्वीच्या प्रकरणांत असतात. पुढे तो सुधारतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळक बाप्तिस्म्यापूर्वी जसे विक्षिप्त आहेत, तसेच नंतरही आहेत. जे बदलले, ते स्वभावात नाही, कशासाठी जगायचे यात बदलले. इतका प्रामाणिक हिशेब ज्या पुस्तकात आहे, त्यातल्या श्रद्धेवर वाचक आपोआप विश्वास ठेवतो.

याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. त्यांचे लाड केले, त्यांचे रुसवेफुगवे काढले. त्या प्रकरणांतला जिव्हाळा वाचून डोळे ओले होतात. मला त्यातली एक न सांगितलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. हा मुलगा एका धर्मोपदेशकाच्या घरात राहिला, त्याच्या पंक्तीला जेवला, आणि ख्रिस्ती झाला नाही. १९१८ साली भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेला, तेव्हाही तो आपल्याच धर्मात होता. याबद्दल पुस्तकात खंत नाही, अपयशाची कबुली नाही. हा आपल्या हातून निसटला, अशा नजरेने लक्ष्मीबाई त्याच्याकडे पाहतच नाहीत. त्याचप्रमाणे दुष्काळातली पोरकी मुले, प्लेगच्या दिवसांतली शुश्रूषा, यांच्या हकिकती येतात, त्यांतही आत्मे किती मिळाले याची मोजदाद नाही. लेकराला भूक लागली होती आणि ते जेवले, इतकेच. श्रद्धा वाटून घेण्याचा याहून स्वच्छ प्रकार मला ठाऊक नाही; कारण येथे घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे नाही.

याचा अर्थ पुस्तकात उणिवा नाहीत असा नव्हे. बाप्तिस्मा झाल्यानंतर लक्ष्मीबाईंच्या मनातले धर्मजीवन आपल्याला फारसे दिसत नाही. त्या प्रार्थना कशा करीत? नव्या देवाशी बोलताना त्यांना जुना विठोबा कधी आठवला का? ज्या नातलगांना त्या मुकल्या, त्यांच्या आठवणीने एखाद्या रात्री झोप उडाली असेल, तर तिचे काय? उत्तरार्धात घटनांची गर्दी होते आणि हे प्रश्न गर्दीत हरवतात. विनोद हा त्यांचा मोठा गुण. पण काही ठिकाणी तो दाराला लावलेल्या कडीसारखा वाटतो. आपण आत डोकावणार, एवढ्यात त्या एखादी गंमत सांगतात आणि दार लागते. मात्र ही उणीव प्रामाणिक माणसाची आहे. जे सांगता येत नव्हते, ते त्यांनी रंगवून सांगितले नाही.

आणखी एक दाखला देऊन हा विचार पुरा करतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा काव्याचा थोडाच भाग झाला होता. उरलेले सारे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. जिला लिहायला वाचायला नवऱ्याने शिकविले, तिने नवऱ्याचे महाकाव्य पुरे करावे, ही घटनाच काव्यासारखी आहे. पण आज घरोघरी वाचले जाते ते 'ख्रिस्तायन' नव्हे. मला त्याचे कारण असे दिसते की, तेथे त्या खरोखरीच नवऱ्याच्या मागून गेल्या. त्याने आखलेल्या वाटेवर, त्याच्या छंदात, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. 'स्मृतिचित्रे' मात्र त्यांनी आपल्या बोलण्यात लिहिली. चुलीपुढे बसून शेजारणीला सांगावे, तसे ते गद्य आहे. वाक्य तुटक, शब्द घरातले, एक आठवण दुसरीचे बोट धरून येणारी. जिने आयुष्यात नवऱ्याचा धर्म नवऱ्याच्या सांगण्यावरून घेतला नाही, तिचे वाङ्मयही नवऱ्याच्या सांगण्यावरून उतरले तेव्हा फिके पडले आणि आपल्या मनाने उतरले तेव्हा अमर झाले. श्रद्धेला जो नियम, तोच लेखणीला!

शेवटी आजीकडे येतो. त्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला परत येतात तो भाग काकूने वाचला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने काकूला तोच भाग पुन्हा वाचायला सांगितला. त्या रात्री आईकडून मला कळले की, आजीचा एक चुलतभाऊ तरुणपणी नगरला ख्रिस्ती झाला होता. तेव्हापासून त्याचे नाव माहेरी कोणी काढीत नसे. आजीनेही चाळीस वर्षे काढले नव्हते. तो वारल्यालाही तेव्हा बरीच वर्षे झाली होती. भाऊबीजेला त्याच्या वाटची सुपारी ओवाळायचे कोणाच्या मनात आले नाही आणि आजीही त्याबद्दल काही बोलली नाही. तिचे सोवळे होते तसेच राहिले. फक्त दुसऱ्या दिवशी काकू पुस्तक परत करायला निघाली, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे की गं आणखी चार दिवस. शाळा काही लगेच उघडत नाही."

एका पुस्तकाने याहून अधिक काही करावे, अशी अपेक्षा मी करीत नाही. आजी ख्रिस्ती व्हावी असे लक्ष्मीबाईंना वाटले असते की नाही, कोण जाणे. पण चाळीस वर्षे बंद असलेल्या दाराशी येऊन त्या बसल्या, आणि आतल्या माणसाला उठून त्या दारापर्यंत यावेसे वाटले. येऊन पाहा, असे म्हणणाऱ्याचे काम इथवरच असते.